म्बोक सुकेर्तीची फूटपट्टी

ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. बातूर डोंगराची शपथ घेऊन सांगतो, यात माझ्या पदरचं एक अक्षर नाही. म्हणजे अक्षरं माझीच आहेत, गोष्ट दुसऱ्याची आहे. आणि तो दुसरा सांगताना थोडा प्यायलेला होता, मी ऐकताना त्याच्यापेक्षा थोडा जास्त. पण मधला भाग खरा आहे. शपथ मधल्या भागाचीच धरा.

दिका, बस असा. तुदे, तू वाऱ्याच्या बाजूला बसू नकोस, तुझ्या सिगारेटचा धूर सगळा माझ्या तोंडावर येतोय. तुमचा धंदा हवेचा आणि तुम्हाला एवढंही कळत नाही. रेंती आजी, तीन कॉफ्या द्या, आणि केळीच्या पानातल्या भाताच्या पुड्या, मिरची जास्त. हं, ही घे दिका. डाव्या हातानं देतोय, राग मानू नकोस. उजवा जरा दुखतो.

ऐकलं, तू आज तीन कपाटं दोन तासांत उरकलीस. हुशार आहेस. आमच्या वेळी एकाला तीन तास लागायचे. आम्ही मंद होतो. असो, तेवढ्यावरून आठवलं.

माझ्या ओळखीचा एक होता. खरं नाव सांगत नाही, आपण त्याला नेंगाह म्हणू. काम तुमचंच. प्रयोगशाळांतली ती स्टीलची कपाटं तपासायची. तुम्हाला सांगायला नको, पण आजी कान देऊन ऐकतायत म्हणून सांगतो. आजी, त्या कपाटाला समोर अर्धी काच असते. काचेखालून हात आत घालायचे आणि आत जंतूंचं काम करायचं. समोरच्या जाळीतून हवा आत ओढली जाते, आणि तेवढीच हवा कपाटाच्या डोक्यावर जो फिल्टर असतो त्यातून गाळून वर सोडली जाते. हवा आत जातेय तोवर जंतू आत. हवा अडली की जंतू तुमच्या नाकात. गंमत अशी की चांगलं कपाट आणि वाईट कपाट दिसायला सारखंच. दिवा लागतो, पंखा घूं करतो. म्हणून नेंगाहसारखा माणूस मीटर घेऊन जातो, हवेचा वेग मोजतो. पास असेल तर हिरवं स्टिकर. नापास असेल तर लाल. बास, एवढंच काम. यात भूत कुठून येणार, नाही का?

तर शनिवार होता. तुंपेक लांदेप. लोखंडाचा सण. सकाळपासून अख्खं बेट लोखंडाला फुलं वाहत होतं. मोटारसायकली, विळे, शिवणयंत्रं, नेंगाहच्या शेजाऱ्यानं तर भाताच्या कुकरला हार घातलेला. नेंगाहच्या बायकोनं त्याच्या मीटरची पूजा केली. मीटरच्या कपाळावर ओले तांदूळ चिकटवले. वाऱ्याची फुंकर मोजणारं नाजूक यंत्र, आणि त्याच्या डोळ्यात तांदूळ. नेंगाहला असा राग आला म्हणता. पण बायकोला काय बोलणार? पाया पडला आणि मीटर पेटीत ठेवला.

दुपारी डॉक्टर ओकांचा फोन. हे उत्तरेला, सिंगराजाच्या अलीकडं, एका क्षयाच्या प्रयोगशाळेचे मुख्य. कुठली ते विचारू नका. म्हणाले, कपाटाच्या स्टिकरची मुदत संपून दोन महिने झाले, सोमवारी सणानंतरचे ऐंशी नमुने येणार आहेत, आज रात्री येऊन स्टिकर लाव. नेंगाह म्हणाला, आज सण आहे. डॉक्टर म्हणाले, कपाट लोखंडाचंच आहे, त्याचाही सण आहे. आणि काम चालू असताना तपासता येत नाही, हे तर नेंगाहला माहीतच होतं. रात्रच बरी.

मग देनपसारहून निघाला. बेदुगुलला धुकं. पुढं एक ट्रक, त्याच्या तोंडावर नारळाच्या पानांची एवढी मोठी झालर, ड्रायव्हरला रस्ता दिसत होता की नाही देव जाणे. वळणावळणाला नेंगाह शिव्या घालत होता. ट्रकला, डॉक्टरला, धुक्याला, स्वतःला. स्वतःला सगळ्यात जास्त, पण ते का, ते पुढं कळेल.

रात्री आठ चाळीसला पोचला. फाटकाशी विदी उभी. विदी म्हणजे तिथली नवी तंत्रज्ञ. चोवीस-पंचवीसची, पाच महिन्यांची पोटुशी, हातात किल्ल्यांचा जुडगा.

"ब्ली दादा, किती उशीर. मी जेवलेसुद्धा नाही."

नेंगाह म्हणाला, किल्ली दे आणि घरी जा. ती म्हणाली, किल्ली माझ्या सहीवर आहे, आणि हिरवं स्टिकर लागलं की फोटो पाठव असं डॉक्टरांनी सांगितलंय. मग तिनं दार उघडून दिलं आणि स्वतः बाहेरच्या बाकावर बसली. दाराला काच होती, आतून ती दिसत होती.

"आत ये की," नेंगाह म्हणाला.

"नको. आत मारतात."

"कोण मारतं?"

"म्बोक सुकेर्ती."

नळ गळतो म्हणून सांगावं, तसं सांगितलं. आणि हात पुढं केले. बोटांच्या सांध्यांवर निळे वळ. सरळ रेषेत, आखल्यासारखे.

"कपाटात हात घातला की बसतो फटका," ती म्हणाली. "फाईल लावताना नाही, कॉफी पिताना नाही. फक्त तिथं. मी तीन-तीन हातमोजे घालते एकावर एक. तरी लागतं."

"आणि डॉक्टर काय म्हणतात?"

"म्हणतात, नैवेद्य वाढव."

आता ही सुकेर्ती कोण, ते ऐका. त्याच कपाटापुढं सोळा वर्षं बसलेली बाई. उंची पाण्याच्या घागरीएवढी, राग नारळाच्या झाडाएवढा. सगळे तिला म्बोक, म्हणजे ताई, म्हणायचे, तिच्यापेक्षा मोठेसुद्धा. कोटाच्या खिशात सागवानी फूटपट्टी, एका कडेला पितळी पात, सेंटीमीटर-मिलिमीटरच्या रेघा खोल कोरलेल्या. कपाटाच्या जाळीवर कुणी वही ठेवली, पेन ठेवलं, कोपर टेकलं… फाट. हवेच्या वाटेत वस्तू ठेवायची नाही, एवढा एकच तिचा धर्म. डॉक्टर ओकांना बसलेली. वरून तपासणीला आलेल्या साहेबाला बसलेली. साहेबानं हात चोळत शेरा लिहिला, 'शिस्त उत्तम'.

आठ महिन्यांपूर्वी ती वारली. खोकल्यानं. म्हणजे क्षयानंच. सोळा वर्षं दुसऱ्यांचा क्षय शोधला, स्वतःचा खोकला हवामानाच्या माथी मारला. फूटपट्टी तशीच दारामागं खिळ्याला टांगलेली. काढायची कुणाची हिंमत नाही.

विदीनं विचारलं, "तुम्हाला मारलंय कधी त्यांनी?"

"दोनदा," नेंगाह म्हणाला. आणि एकदम पेटी उघडायच्या मागं लागला.

आत गेला. पहिल्यांदा मीटरवरचे तांदूळ नखानं काढले. कपाट चालू केलं. पंखा घूं झाला. दिवा लागला. छान. समोरच्या फटीत मीटर धरला. सेकंदाला अर्धा मीटर यायला पाहिजे. आला पॉइंट अठरा.

तांदूळ राहिला असेल म्हणून परत पुसला. पॉइंट सतरा.

मग धुराची नळी काढली. तोडली की पांढरा धूर सुटतो, तो काचेसमोर धरायचा. हवा नीट असेल तर धूर सुतासारखा आत ओढला जातो. इथं धूर जाळीपर्यंत गेला. थांबला. आणि सावकाश वळून नेंगाहच्या तोंडाकडं आला, ओळखीचं कुणी भेटल्यासारखा.

म्हणजे या कपाटापुढं जो बसेल, त्याच्या नाकात आतला सगळा माल.

नेंगाहनं आकडे लिहिले. लिहिताना विचार करत होता, आणि विचार करताना त्यानं काय करावं? पेन जाळीवर ठेवलं.

फाट.

उजव्या हाताच्या पाठीवर. हात मागं ओढला. खोलीत कुणी नाही. काचेबाहेर विदी भाताची पुडी सोडत होती. दारामागं पट्टी खिळ्याला होती. हलत होती. वाऱ्यानं हलत असेल, असं त्यानं स्वतःला सांगितलं. त्या खोलीला खिडकी नव्हती, हे त्यानं स्वतःला सांगितलं नाही.

त्यानं डॉक्टरांना फोन लावला. म्हणाला, हवा नाही, कपाट नापास. पलीकडून जे सुरू झालं ते मी आजींसमोर सगळं सांगत नाही. लाल लागलं तर ऐंशी नमुने देनपसारला पाठवायचे, फिल्टर यायला तीन आठवडे, वरचे विचारणार मुदत दोन महिने कशी उलटली, आणि मग डॉक्टर नेंगाहचं नाव सांगणार. वर्षाचं कंत्राट गेलं समज, एका प्रयोगशाळेचं नाही, जिल्ह्यातल्या सगळ्या.

"मागच्या वेळचे आकडे आहेत ना तुझ्याकडं?" डॉक्टर म्हणाले. "तेच लिही. मागच्या वेळी काय बिघडलं?"

नेंगाहनं दाराकडं बघितलं. मागच्या वेळी काय बिघडलं, ते दारामागं खिळ्याला टांगलेलं होतं.

"तिथं पोटुशी पोरगी बसते, डॉक्टर."

"मग तिला पुरेसा नैवेद्य ठेवायला सांग," डॉक्टर म्हणाले आणि फोन ठेवला.

आता तुम्हाला वाटेल नेंगाह रागानं लाल स्टिकर लावून चालता झाला. नाही. तसा माणूस असता तर गोष्टच झाली नसती. राग होता त्याला, भरपूर होता. पण कंत्राटही होतं. त्यानं नवा फॉर्म घेतला. मागल्या वेळचे आकडे आठवायलासुद्धा लागले नाहीत. पॉइंट बावन्न. पॉइंट एक्कावन्न. पॉइंट बावन्न. सुंदर अक्षरात लिहिले. मग खिशातून हिरवं स्टिकर काढलं, मागचा कागद सोलला, आणि कपाटाच्या कपाळाकडं हात नेला.

फाट.

हा वेगळा होता. पहिला होता ताकीद. हा होता राग. बोटं बधिर झाली. स्टिकर उडून कुठंतरी पडलं. बाहेर विदी उठून उभी राहिली, काचेला हात लावून. तिनं आवाज ऐकला होता.

नेंगाहनं आधी हात बघितला नाही. आधी पट्टी बघितली.

खिळा होता. पट्टी नव्हती.

आता इथून पुढं मी हळू बोलणार आहे. तुदे, सिगारेट विझव.

पळून जायचं ठरवलं, पण जायच्या आधी सवयीनं त्यानं कपाटाचा प्लग उपटला. पंखा मंद झाला. थांबला. प्लग त्याच्या डाव्या हातात. इतकं शांत, की बाहेरच्या पुडीचं पान वाजलेलं ऐकू आलं.

वरून एक फूल पडलं.

चाफ्याचं. सुकलेलं.

मग दुसरं.

मग कपाटाच्या डोक्यावरून एक उकडलेलं अंडं घरंगळत आलं. कडेवर थांबलं. विचार केल्यासारखं. आणि खाली पडलं. फुटलं नाही. त्याच्या बुटाला येऊन टेकलं.

त्यानं वर बघितलं.

प्लग खिशाला खोचला. कोपऱ्यात शिडी होती. ती लावली. चढला. पाचव्या पायरीवर डोकं कपाटाच्या वर निघालं.

कपाटाच्या डोक्यावर, जिथून गाळलेली हवा बाहेर पडायची, बरोबर तिथं… परड्या. नैवेद्याच्या परड्या. एकावर एक. नारळाच्या पानांच्या, फुलं-तांदूळ-केळी-अंडी सगळं वाळून काळं झालेलं, उदबत्त्यांची राख, सांडलेल्या अराक दारूचे डाग. सगळ्यात वरची आज सकाळची. ताजी. तिच्यातली उदबत्ती अजून धुमसत होती. सकाळपासून.

कळलं का? विदीला फटका बसला की परडी. दर पंधरवड्याला, काजेंग क्लिवोनच्या पूजेला, परडी. बाई रागावलीय, तिला शांत करा, ठेव परडी. ठेवायची कुठं? तिच्या कपाटाच्या डोक्यावर, मानाची जागा. आणि रागावलेल्या मेलेल्या बाईची परडी खाली कोण काढणार? म्हणून वरती दुसरी. फिल्टर गुदमरला. हवा अडली. बाई आणखी रागावली. फटका आणखी जोरात. मग आणखी मोठी परडी.

आठ महिने हे लोक तिचा राग शांत करायला तिच्या रागाचंच कारण रचत होते.

नेंगाहनं शिडीवरच हात जोडले. एक काढली, माफी मागितली. दुसरी काढली, माफी मागितली. आठवीपर्यंत मोठ्यानं. मग पुटपुटत. सतरा परड्या खाली आल्या. जमिनीवर मांडल्या. विदी काचेला नाक लावून बघत होती, घास हातातच.

तळाशी अठरावी होती.

तिच्याखाली कापड. पिवळं-पांढरं, चारी कोपरे बांबूच्या काड्यांनी टाचलेले. नीट. आखल्यासारखं. अख्ख्या फिल्टरवर ताणून बसवलेलं.

नेंगाहनं शिडी दोन्ही हातांनी धरली. भुताच्या भीतीनं नाही. ते कापड त्याच्या ओळखीचं होतं.

चौदा महिन्यांपूर्वी तो वर्षाच्या तपासणीला आला होता. तुंपेक लांदेपच्या पाचव्या दिवशी. वर हे कापड होतं, कापडावर ही परडी. म्बोक सुकेर्तीनं स्वतः ठेवलेली. शिडीवर चढून, स्वतःच्या हातानं. सोळा वर्षं जे कपाट सांभाळलं, त्याला सणाला नवं कापड नेसवलं होतं. जाळीवर पेन ठेवलं तर हात फोडणारी बाई, तिला हे सुचलंच नाही, की हवेला बाहेर पडायची वाटही लागते. तिला सगळं पुढचं माहीत होतं. वरचं माहीत नव्हतं. वरचं बघायचं काम नेंगाहचं.

आणि नेंगाहनं बघितलं होतं. मीटर पॉइंट एकोणतीस दाखवत होता. फक्त म्हणायचं होतं, म्बोक, ते कापड काढा. ती शेजारी उभी होती. हातात पट्टी. त्यानं तोंड उघडलं. ती म्हणाली, काय? तो म्हणाला, काही नाही. तिला चुकलं म्हणून सांगायचं कुणी? आणि देवाचं कापड, ते काढायला लावायचं कुणी? त्यानं त्याच्या आदल्या वर्षीचे आकडे लिहिले. पॉइंट बावन्न. हिरवं स्टिकर. तिनं त्याला कॉफी पाजली. तांदळाचा गोड पापड दिला.

सहा महिन्यांनी ती गेली.

शिडीवर उभं राहून नेंगाहनं ते कापड धरलं. आणि कपाटातून आवाज आला. खालून. काचेच्या आतून. प्लग त्याच्या खिशापाशी लोंबत होता. पंखा बंद. मेलेलं यंत्र. आणि त्यातून, जवळून, अगदी नेहमीच्या, चिडलेल्या आवाजात…

"तेव्हा का नाही बोललास?"

बास. एवढंच.

रडणं नाही. ओरडणं नाही. वही जाळीवर ठेवल्यावर विचारायची, तसंच.

नेंगाहनं उत्तर शोधलं. फॉर्ममध्ये त्याला रकाना नव्हता.

"भीती वाटली," तो म्हणाला.

"कुणाची?"

"…तुमची."

मग… कुणीतरी सुस्कारा सोडतं ना, तसं. पण बाहेर नाही. आत. सुस्कारा आत घेतल्यासारखा. त्यानं कापड काढलं. टेबलावर धुराची अर्धी नळी अजून धुमसत होती. तिचा धूर उठला, वळला, आणि सरळ सुतासारखा काचेखालून आत गेला. फटीपाशी ठेवलेला मीटर चालूच राहिला होता. नेंगाहनं खाली उतरून आकडा बघितला.

पॉइंट बावन्न.

प्लग खिशापाशीच. पंखा बंद.

एक श्वास होईस्तोवर. मग शून्य.

नेंगाह म्हणायचा, ते रीडिंग मी लिहिलं नाही. बंद यंत्राचं रीडिंग कुठं लिहायचं? पण खोटे आकडे लिहिलेला फॉर्म त्यानं फाडला. प्लग लावून पंखा परत चालू केला. फिल्टर राखेनं आणि अराकानं सडलेला होता, हवा आली ती अर्धीच. त्यानं अर्धीच लिहिली. लाल स्टिकर काढलं. कपाटाच्या कपाळावर लावताना उजवा हात मागं घेतला, थोडा थांबला. फटक्याची वाट बघत. आला नाही.

बाहेर आला. विदीला म्हणाला, या कपाटापुढं नवा फिल्टर येईपर्यंत बसायचं नाही. डॉक्टर ओरडले तर ओरडू दे. आणि चौदा महिन्यांपूर्वी आपण काय केलं, तेही तिला सांगितलं. पहिल्यांदाच कुणाला तरी. विदीनं हातातला घास परत पुडीत ठेवला. मग म्हणाली, "माझ्या वेळी बोललात. उशिरा बोललात. पण बोललात." आणि उरलेला भात त्याला दिला. तिच्या डोळ्यांत मात्र असा राग होता, की नेंगाहनं तो भात उभ्यानंच खाल्ला.

डॉक्टर ओका सोमवारी एवढे ओरडले, की नमुने घ्यायला आलेला शिपाई दुसऱ्याच दवाखान्यात निघून गेला. नेंगाहचं कंत्राट गेलं. फिल्टर तीन आठवड्यांनी आला. विदीला परत एकही फटका बसला नाही. मुलगी झाली, धडधाकट. रागीट आहे म्हणतात, कुणी तिच्या तोंडापुढं हात धरला की चापट मारते. आणि तिथं आता परडी शेजारच्या स्टुलावर ठेवतात. देवाला स्टुलाचं काही वाटत नाही. हवेला वाटतं.

पट्टी? ती परत कुणाला दिसली नाही. खिळा अजून आहे.

कळली गोष्ट? काय तुदे, हसतोस कशाला? मधला भाग खरा आहे म्हणून सांगितलं ना.

दिका, तू का गप्प? आज ती तीन कपाटं. वर चढलास? शिडी लावलीस? तिकडं कॅलेंडरात बघ, आज काय वार आहे आणि काय सण आहे, ते मी तुला सांगायला पाहिजे का? आज सकाळी त्या तिन्ही प्रयोगशाळांत लोखंडाची पूजा झाली असणार. वर काय ठेवलंय, ते बघितलंस? … नाही ना. खिशात अजून हिरवी स्टिकरं आहेत तुझ्या, दिसतायत. काढ. टेबलावर ठेव. उद्या सकाळी शिडी घेऊन जायचं, तिन्हीकडं, आणि वरचं काढायचं. कोण रागावेल ते रागावू दे. मेलेल्या बाईपेक्षा जिवंत डॉक्टर परवडतो.

नेंगाहचं काय झालं? म्हातारा झाला. बायको वारली. सगळ्यांना वाटतं उद्धट आहे, कारण सगळं डाव्या हातानं देतो. सासूनं त्याच्याशी सात वर्षं बोलणं टाकलं होतं त्यावरून.

रेंती आजी, दिवा जरा इकडं आणा. एवढा. हं.

बघ, दिका. हाताची पाठ बघ. जवळ ये, चावत नाही. आडवा वळ आहे ना, जुना. त्याच्यावर बारीक बारीक उभ्या रेघा. प्रत्येक पाचवी थोडी लांब. कातडीच्या एका डॉक्टरांना दाखवला. म्हणाले कातडी आहे, पुसली जाईल. एकवीस वर्षं झाली.

मोजू नकोस. शून्यापासून सातपर्यंत आहेत. बरोबर सात सेंटीमीटर. मी मीटरवाला माणूस, मी तपासलेत.

चला. तीन कॉफ्या, सात पुड्या. गोष्ट माझी, पैसे तुमचे. दिका, तू दे.

आणि उजव्या हातानं दे.